डोक्यावरची बरणी

“सामुराईनं तलवार उपसली, अन् डोकं धुळीला...” विहिरीवर एवढंच कानी पडलं आणि मी घागर टाकून धावले. आमच्या शेजारची ओकिन आत्ताच त्या रस्त्यानं गेली होती. तिचं तर नसेल?

घडलं ते तिथल्या लोकांनी सांगितलं. ओकिन भर रस्त्यात ताठ उभी होती. डोक्यावर सरदारांच्या चहाची मोहोरबंद बरणी. समोर घोड्यावर, तलवार उपसून, हिराओका सामुराई. “वाकतेस, की मान उडवू?”

ओकिन तसूभर हलली नाही. “वाकते की, सरकार! पण माझ्याबरोबर तुमच्या धन्यांची, सरदारांची बरणीही तुमच्यापुढे वाकेल. धन्यांना चालेल ना?”

त्या बरणीला धन्यांइतकाच मान. हिराओकानं मोहोर तेव्हा कुठं पाहिली. तो घोड्यावरून उतरला, गुडघे टेकून वाकला.

डोकं धुळीला लागलं, हे खरंच होतं. फक्त ते ओकिनचं नव्हतं.