पाळण्यात ठेवलेलं नाव

एका राज्यात तीन गोष्टी कुणी करीत नसे. भरल्या ताटावरून जेवणाऱ्याला उठवीत नसत, निघालेल्या माणसाला मागून हाक मारीत नसत आणि रिकामा पाळणा हलवीत नसत. तुम्ही म्हणाल, हे तर आमच्याही घरी सांगतात. सांगतात खरं, पण त्या राज्यात ते फळत असे. चुकून झालं तर भुईला हात लावून क्षमा मागायची, की निभावून जाई. पण मनात वाईट धरून मुद्दाम केलं, तर त्याच घडीला भोगावं लागे. आणि ज्याने केलं त्याला नव्हे बरं का, ज्याच्यावर केलं त्याला.

त्या राज्याचा राजा पुण्यसेन. त्याचा सेनापती मोठा शूर, मनाने त्याहून मोठा. लढाईत स्वतःच्या वाट्याचं पाणी जखमी शिपायाला पाजणारा. त्याचं नाव साऱ्या मुलखात गाजत होतं. ते नाव काय होतं हे आत्ताच विचारू नका.

सेनापतीची बायको सुगंधा. तिनं नवऱ्याचं नाव जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात, तेही मान खाली घालून. पुढे सगळं 'अहो'वरच चालायचं. त्यांना चार महिन्यांची लेक होती, बकुळा. पोर शिंकली तरी सुगंधाचा जीव खालीवर व्हायचा. झोपली तर श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरून बघायची. सेनापती हसायचा. "अगं, मी शत्रूच्या वेढ्यातसुद्धा इतका घाबरत नाही."

असं त्यांचं सुखाचं चाललं होतं.

एकदा सेनापती लढाई जिंकून परत येत होता. वाटेत वाघजबडा नावाची गुहा होती. गुहेच्या तोंडाशी कुंपणावर एक भारद्वाज बसला होता. लाल डोळ्यांनी त्याने सेनापतीकडे पाहिलं आणि माणसाच्या वाणीने म्हणाला, "यावं महाराज."

सेनापती घरी आला. पडवीत सुगंधा पोरीला पाजत बसली होती. त्याने पक्ष्याची गंमत सांगितली. सुगंधाला हसू आलं. नवरा धडधाकट परत आला होता, मन हलकं झालं होतं. पोरीला खांद्यावर टाकून तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "यावं महाराज, पाय धुवा."

सेनापतीने तांब्या घेतला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "महाराणी व्हायला आवडेल तुला?"

"कुणाला नाही आवडणार?" सुगंधा म्हणाली.

झालं. एवढंच ती बोलली. तेव्हाच जीभ चावली असती, म्हणाली असती, अहो थट्टा केली मी, तर? पुढे कितीदा तरी तिनं ते शब्द मनातल्या मनात मागे घेतले. पण बोललेलं कुठे मागे येतं?

दुसऱ्या दिवशी सेनापती एकटाच वाघजबड्याला गेला. गुहेत कालकंठ नावाचा मांत्रिक हजार वर्षं एका शापित मुकुटावर बसून होता. मुकुट माणकांचा, तेजाने भिंती तांबड्या झालेल्या. मांत्रिक म्हणाला, "ये. हा स्वखुशीने नेणारा कुणी मिळाला की मी सुटेन. पण तुझ्या डोक्यावर तो टिकायचा, तर तीन कामं करावी लागतील."

"रक्त सांडणार नाही मी," सेनापती म्हणाला. "राजाचं मीठ खाल्लंय."

"रक्त कोण मागतो? शस्त्रसुद्धा नको. पहिलं काम, राजाला भरल्या ताटावरून उठव."

इतकं लहान काम ऐकून सेनापतीला सुटल्यासारखं वाटलं. तिथेच तो फसला.

माध्यान्ही राजा जेवायला बसला होता. पहिला वरणभाताचा घास हातात होता. सेनापती दारात उभा राहून म्हणाला, "महाराज, अंमळ उठावं, वेशीवर गडबड आहे." राजाने घास ताटात ठेवला, विश्वासाने उठला आणि उठला तसाच दगड झाला. बोटांना भात तसाच लागलेला. वेशीवर काही नव्हतं.

कुणाची तरी वाईट नजर लागली, असं म्हणत सारं नगर रडलं. सेनापतीही रडला, आणि खरं सांगायचं तर खोटं रडला नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गुहेकडे गेला.

"दुसरं काम," मांत्रिक म्हणाला. "राजाला उठवायचा मंत्र उत्तरेच्या ऋषीपाशी आहे. तो आणायला तुझा मित्र निघतो आहे. त्याला मागून हाक मार."

मित्र म्हणजे प्रधान सुबंधू. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. सुबंधू घोड्यावर बसला, वेस ओलांडू लागला. सेनापतीने हाक मारली, "सुबंधू!" इतर कुणाच्या हाकेला प्रधान वळला नसता. मित्राचा आवाज ऐकला आणि वळला. वळला तो तसाच मुळं धरून बाभळीचं झाड झाला. घोडा बिचारा झाडाखालीच उभा राहिला.

आता राज्याचा कारभार सेनापतीच्या हाती आला. पण घरात त्याचं काही खरं नव्हतं. सुगंधाने वाढलेली आमटी तो आधी मांजराला घाली. पाठीमागे कुणी उभं राहिलेलं त्याला चालेना. बकुळा हात पसरून झेपावली तरी त्याचं लक्ष नसे.

सुगंधा भीतभीत म्हणाली, "अहो, काय झालंय तुम्हाला? पोरीला चार दिवसांत घेतलं नाहीत."

"राज्याचं ओझं आहे. तुला नाही कळायचं."

तिला कळत होतं थोडंथोडं.  पण पुरुषाच्या कामात कसं विचारावं, म्हणून ती गप्प राहिली. ही तिची दुसरी चूक.

इकडे राणी पद्मावती घाबरून गेली होती. तिला सहा महिन्यांचा बाळराजा होता. घरावर कसली वाईट नजर पडलीय, नवरा दगड झाला, प्रधान झाड झाला, आता पोराचं काय? म्हातारी सुईण म्हणाली, "राणीसाहेब, पाळणे बदला. मोल म्हणून मूठभर कोंडा घेऊन बाळ दुसरीच्या पदरात टाका, तिचं आपल्या पाळण्यात निजवा. तीन दिवस. नजर लावणारा फसतो. मात्र पुरुषाच्या कानावर जाता कामा नये, नाहीतर गुण येत नाही."

"पण भरवसा कुणाचा धरू?"

"सेनापतीच्या घरासारखं घर नाही," सुईण म्हणाली.

राणी स्वतः मागच्या दाराने सुगंधाकडे आली. पदर पसरून म्हणाली, "बाई गं, तूही आई आहेस."

सुगंधाच्या मनात आलं, आपली बकुळा परक्या पाळण्यात निजायची, आणि नजर तिलाच लागली तर? पण राणीचे डोळे बघवेनात. तिनं मूठभर कोंडा राणीच्या ओंजळीत घातला, बाळराजाला पदरात घेतलं आणि बकुळाला राणीच्या हातात दिलं. देताना शंभरदा सांगितलं, "उजव्या कुशीवर निजते हो. दुपट्याचं टोक चोखू देऊ नका. धुरी देताना डोळे झाका."

दोन दिवस सुगंधाने घरातल्या बाळाचं तोंड दुपट्यात झाकून ठेवलं. सेनापतीने पाहिलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मांत्रिक म्हणाला, "शेवटचं काम. बाळराजाचा पाळणा रिकामा असेल तेव्हा हलव. तीनदा."

सेनापती ह्या वेळी लगेच निघाला नाही. कुंपणावरून भारद्वाज म्हणाला, "महाराज, दोन झाली. एकच उरलं."

दुपारी महालात शांत होतं. राणी बाळाला न्हाऊ घालायला आत गेली होती. पाळणा रिकामा, आत उबदार दुपटं आणि एक खुळखुळा. सेनापतीने दोरी धरली. एकदा. दोनदा. तीनदा. आतल्या न्हाणीघरातलं रडणं एकाएकी थांबलं.

तो घरी आला तेव्हा मुकुट त्याच्या डोक्यावर होता. आपोआप येऊन बसला होता. पडवीत सुगंधा मांडीवर बाळ घेऊन बसलेली.

"ऊठ, महाराणी," तो म्हणाला.  "संपलं सगळं. आता घे माझी पोर माझ्याकडे."

"डोक्यावर काय आहे ते? काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं. कुणाला बोटही लावलं नाही. महालातला रिकामा पाळणा हलवला, एवढंच."

सुगंधाने बाळाला उराशी घट्ट धरलं. तो वाकला, दुपटं बाजूला केलं. बाळाने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर राजघराण्याचं चंदनाचं बोट होतं.

"ही... बकुळा कुठे?"

"तीन दिवस त्या पाळण्यात बकुळाच निजतेय," सुगंधा म्हणाली.

मग ती अनवाणी धावली. बाळराजा कडेवर, पदर रस्त्याला लोळतोय, मागे मुकुट घातलेला सेनापती. महालात राणी ओल्या बकुळाला छातीशी धरून बसली होती. पोरीचे डोळे उघडे, पापणी लवेना, आवाज नाही. सुगंधाने सवयीने नाकाशी बोट धरलं. श्वास इतका हळू, की आहे म्हणावं तरी भीती, नाही म्हणावं तरी भीती.

 खिडकीत भारद्वाज येऊन बसला.

"दुष्टा!" सेनापती ओरडला. "तू मला महाराज म्हणालास!"

"मी काय म्हणणार?" पक्षी म्हणाला. "समोरच्याच्या मनात जे असतं तेच माझ्या तोंडून येतं."

सेनापतीची मान खाली गेली. मग म्हणाला, "आता काय मनात आहे ते दिसतंय ना? तेही सांग."

"दिसतंय. तिन्ही गाठी एकाच दोरीच्या आहेत. रिकामा पाळणा हलवलास, तो आता भर. तुझ्यापाशी सर्वांत मोठं जे असेल ते त्यात ठेव."

सेनापतीने तलवार काढून पाळण्यात ठेवली. पाळण्याने ती बाहेर फेकली. त्याने मुकुट ठेवला. पाळण्याने तोही फेकला, माणकं घरभर झाली.  मग सेनापती बारशाला आत्या वाकते तसा पाळण्यावर वाकला, आणि जे नाव चारी दिशांना गाजावं म्हणून त्याने हे सारं केलं होतं, ते स्वतःचं नाव हळूच पाळण्यात सांगितलं.

पाळणा जड झाला. दोरी ताणली. आणि बकुळाने टाहो फोडला.

वेशीवरची बाभूळ हलली. सुबंधू प्रधान घोड्यावर बसून डोळे चोळू लागला. भोजनगृहात राजा पाटावर बसला, म्हणाला, "भात निवला की रे," आणि जेवू लागला. माणकांची खापरं झाली. वाघजबड्याची गुहा मिटली, आत कालकंठही मिटला. मुकुटाचा शापच फुटला, तेव्हा ते तीन नेमही त्या राज्यात फळेनासे झाले. तरी तिथल्या आया अजून ते पाळतात. लेकरांच्या बाबतीत धोका कोण घेणार?

राजाने विचारलं, "माझा सेनापती कोण?" कुणालाच आठवेना. शिपायांनी दालनात उभ्या असलेल्या माणसाला हटकलं, "कोण रे तू?" त्याने आठवून पाहिलं. "माहीत नाही," म्हणाला, आणि खाली मान घालून चालू लागला.

सुगंधाने बकुळाला उराशी धरलं होतं. नवऱ्याचं नाव तिलाही आठवेना. पण तिनं कधी त्या नावाने हाकच मारली नव्हती, म्हणून तिच्यापाशी तो उरला होता. तो वेशीकडे निघाला होता. आणि निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही! शाप फुटल्याचं तिला कुठे ठाऊक? ती आडवाटेने धावली, ठेचकाळली, बोरीच्या काट्यांतून गेली आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली.

तो थांबला. "मला म्हणालात?"

"तुम्हालाच."

तो आला तिच्याबरोबर. वेशीवरच्या विहिरीवर येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देऊ लागला. पूर्वीचं काही त्याला आठवलं नाही, आणि सुगंधाने सांगितलं नाही. बकुळा मोठी झाली, त्याला बाबा म्हणू लागली. राज्य पुण्यसेनाचं होतं, नीट चाललं होतं. सुगंधा जेवण वाढी, तो मुकाट खाई, मांजराला आधी घालत नसे.

फक्त रोज दुपारी तो भारद्वाज कुंपणावर येई. त्या माणसाकडे बघे, चोच उघडी आणि काहीच न बोलता मिटी. मग सुगंधाकडे वळे आणि तिच्याच हसऱ्या आवाजात म्हणे, "यावं महाराज, पाय धुवा."

सुगंधा त्याला हाकलत नसे. मूठभर दाणे टाकी, पदराने डोळे पुशी आणि पोरीला घेऊन आत जाई.