दुर्गव्वाच्या हंड्यातला खडा

विहिरीचं काम थांबवा, असा हुकूम आला तेव्हा दुर्गव्वा वडारीण वीस हात खाली घण मारत होती. पाण्याचा पत्ता नव्हता, पण त्याच सकाळी काळ्या खडकात एक पोकळी फुटली होती आणि तिच्यात पांढरे, फिकट हिरवे, काचेसारखे टोकदार खडे दाटीने उगवलेले दिसले होते. गावातल्या बायका दोन कोस लांबून पाणी आणत होत्या. त्यांना त्या खड्यांचं काही कौतुक नव्हतं. पण बातमी देवकुंडीच्या त्रिविक्रमराजांपर्यंत पोचली, आणि त्यांना मात्र फारच कौतुक वाटलं.

विहिरीवर दोन शिपाई बसले. दुर्गव्वाला दरबारात बोलावणं आलं.

महाराजांच्या मांडीवर रेशमी रुमालात एक खडा होता. शेजारी कारभारी दासोपंत उभे होते.

"तीन वर्षांपूर्वी महाराजांना राज्याभिषेक झाला," दासोपंत म्हणाले, "त्याच क्षणी धरणीमाता आनंदाने फुलून आली. हे त्याचं फळ."

"मग इथे, माझ्यासमोरही फुलायला हवं," महाराज म्हणाले. "बाई, असा एक खडा मला महालात उगवून दाखव. दसऱ्यापर्यंत, म्हणजे महिनाभरात. नाही जमलं तर विहीर बुजवायची आणि तुमची पालं राज्याबाहेर."

दुर्गव्वाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. पालात एकोणीस माणसं होती.

"सरकार, आधी हे होतं कसं ते ऐका. हा काळा खडक एके काळी वितळलेला होता. निवताना त्यात हवेचे फोड राहिले, भाकरीला येतात तसे. मग खालचं कढत पाणी भेगांतून झिरपत आलं. त्यात खडकाचाच अंश विरघळलेला असतो. पाणी निवलं की तो अंश फोडाच्या कडेला धरतो, थरावर थर. ऊन पाण्याच्या झऱ्याकाठी दगडावर पांढरी साय बसते, बघितली असेल तुम्ही."

"मग कर तसंच."

"खडक विरघळायला जमिनीच्या पोटातली धग लागते. ती माझ्या चुलीत नाही. तुरटीवर करून दाखवते. कृती तीच, वेळ थोडा."

"चालेल. आणखी काय हवं?"

"दोन हंडे. एक इथे ठेवते, दुसरा बंद विहिरीत, आमच्याच पोकळीपाशी. आणि हंड्यांना कोणी हात लावायचा नाही."

महाराजांनी तिथल्या तिथे हुकूम काढला. तो अर्थात महाराज सोडून बाकी सगळ्यांना होता.

दुर्गव्वाने पाणी कढवलं, मावेल तेवढी तुरटी त्यात विरघळवली, दोन्ही हंड्यांत सारखी ओतली. दोऱ्याला तुरटीचा एकेक बारीक खडा बांधून आत सोडला, वर फडकं झाकलं. एक हंडा शिपायांच्या देखत विहिरीत उतरवला आणि त्याच शिपायांना सांगितलं, "सरकारांचा हुकूम आहे, कोणालाही खाली सोडू नका. मलासुद्धा."

महालातल्या हंड्याचे मात्र हाल सुरू झाले. पहिल्याच दिवशी महाराजांनी फडकं चार वेळा उचललं. दुसऱ्या दिवशी दोरा वर ओढून पाहिला. दासोपंतांना हंडा दक्षिणेकडे आहे असं वाटलं, म्हणून महाराजांच्या परवानगीने तो पूर्वेला सरकवला. मग शास्त्री आले आणि त्यांनी आग्नेय कोपरा सुचवला. आठव्या दिवशी खड्याला उत्तेजन मिळावं म्हणून हंड्याभोवती चौघडा वाजला. पंधराव्या दिवशी महाराजांनी चमच्याने ढवळलं. "बसून राहिलंय नुसतं," ते म्हणाले.

दुर्गव्वा रोज येऊन दाराशी बसायची, बघायची आणि गप्प उठून जायची. एकदाच तिने विनवलं होतं, "सरकार, राहू द्या त्याला." तेव्हा दासोपंत म्हणाले होते, "महाराजांच्या नजरेनेच वाढेल तो." त्यानंतर तिने बोलणं सोडलं.

दसऱ्याला दरबार भरला. महालातल्या हंड्याचं फडकं काढलं. तळाशी पिठासारखा गाळ होता आणि दोरा बोडका होता. मग विहिरीतला हंडा आणला. त्यात दोऱ्याला आवळ्याएवढा खडा लटकत होता, आठही बाजू घासून काढल्यासारख्या, आरपार स्वच्छ.

महाराजांचा चेहरा लाल झाला.

"तुरटी तीच, पाणी तेच. माझ्या हंड्यात काय कमी पडलं?"

"कमी काही नाही पडलं, सरकार," दुर्गव्वा म्हणाली. "विहिरीतल्या हंड्याला महिनाभर कोणी विचारलं नाही, झालं का म्हणून."

"ही बाई महाराजांना दोष देते," दासोपंत पुढे झाले.

"दोष कसला? कारभारीसाहेब, तुरटी लवकर धरणारी. तरी आवळ्याएवढं व्हायला तिला महिना लागला, तोही शांततेत. तुमचा खडक तिच्यापेक्षा किती धिम्मा, हे घण मारणाऱ्याला विचारा. तीन वर्षांत त्याच्यावर बुरशीएवढी साय धरायची नाही. तो खडा वाढत होता तेव्हा राजा नव्हता, कारभारी नव्हता, अभिषेक तर नव्हताच. म्हणून तर एवढा नीट वाढला."

महाराजांनी दासोपंतांकडे पाहिलं. दासोपंतांनी जमिनीकडे पाहिलं. मग महाराजांना हसू फुटलं, आणि ते इतके हसले की मांडीवरचा रेशमी रुमाल खाली पडला.

"पंत," ते डोळे पुसत म्हणाले, "नवा हंडा लावा. महिनाभर तुम्ही त्याच्यापाशी बसायचं, एक शब्द न बोलता. बाई, तू बक्षीस माग."

"विहीर मोकळी करा, सरकार. आणि पाणी लागेपर्यंत विचारायला कोणी पाठवू नका."

महाराजांनी कबूल केलं. वर सोन्याचं कडं, आणि पालातल्या एकोणीस जणांना राहायला गावठाणात जागा दिली. अकराव्या दिवशी, पोकळीच्या खाली चार हातांवर, पाणी लागलं.