लाल्याचा दाखला

जनावरं बोलायची आणि माणसं ते ऐकून सोडून द्यायची, त्या काळातली ही गोष्ट. चर्चचे अमोस पाळक लाल्या नावाच्या तट्टावर बसून गावोगाव उपदेशाला जायचे. वाटेत जे दिसेल त्याचा ते दाखला करायचे. फुटका माठ दिसला, की तो पापी माणसाचं मन व्हायचा. एकदा तर एका गावात त्यांनी शिंकेवर दीड तास उपदेश केला, तेव्हापासून तिथली मंडळी शिंकायलाही घाबरते.

एके दिवशी लाल्या म्हणाला, "पाळकसाहेब, खोगिराखाली जखम झालीय. चार दिवस पायी चला, नाहीतर मी मरेन."

पाळकांनी खोगीर उचलून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "काय दाखला दिलास रे लाल्या! न कुरकुरता ओझं वाहणारा सेवक!"

"अहो, कुरकुरतोय की!"

पण पाळक पुन्हा वर बसले होते. पुढच्या गावात त्यांनी ती जखम सगळ्यांना दाखवली. बाया रडल्या. एक म्हातारी हळद-तेल घेऊन उठली, तर पाळक म्हणाले, "थांबा मावशी, अजून तीन गावं व्हायचीत."

तिसऱ्या गावाच्या वेशीत लाल्या कोसळला आणि मेला. पाळक पायी आत गेले आणि आयुष्यातला सर्वांत सुंदर उपदेश त्यांनी तिथं केला. गहिवरलेल्या मंडळीनं त्यांना नवं तट्टू दिलं.

नव्या तट्टानं विचारलं, "साहेब, आधीच्याचं काय झालं?"

"त्याचा फार छान दाखला झाला, बाळा," पाळक मायेनं म्हणाले, आणि त्यांनी खोगिराचा पट्टा आवळला.