पलीकडचं उत्तर

“मग उत्तर कोण देत होतं, विश्वा?”

मुजावर चाचांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा विश्वजित खराडे मनातून चिडलाच. तो सही घ्यायला आला होता, तोंडी परीक्षा द्यायला नव्हे.

चाचा दर्ग्याच्या ओट्यावर बसले होते. खाली बेलवण नदी, समोर पलीकडच्या काठाचा काळा कडा. नदीचं पाणी मोजणारं यंत्र चाचांनी तीस वर्षं सांभाळलं. निवृत्त झाले आणि इथे पीरसाहेबांच्या झाडलोटीला येऊन बसले. विश्वजित त्यांच्याच हाताखाली शिकला. आता चाचांच्या खुर्चीवर तो होता, आणि खरं सांगायचं तर खुर्चीपेक्षा चार बोटं उंचच बसायचा.

चौकशी उद्यावर आली होती. घाटावरचा नावाडी सोपान भोई बारा दिवसांपूर्वी वाहून गेला. इकडे लख्ख ऊन होतं, पण वर डोंगरात पाऊस कोसळला होता. सोपानने पलीकडे माणसं उतरवली आणि रिकामी नाव घेऊन परत फिरला, तेवढ्यात पाणी चढलं. नाव तीन मैलांवर सापडली. सोपान सापडलाच नाही.

निघायच्या आधी त्याने रोजच्यासारखा ऑफिसात फोन केला होता. पाणी कसंय, साहेब? विश्वजितने पडद्याकडे बघून सांगितलं होतं, दोन मीटर, जा बिनधास्त.

यंत्र वरच्या पुलावर होतं. तिथलं पाणी घाटावर यायला तास लागतो. म्हणजे इशारा मिळाला असता, तर तो तास सोपानचा होता.

विश्वजितच्या अहवालात मात्र लिहिलं होतं की यंत्रणा शेवटपर्यंत सुरळीत होती, अंदाज नावाड्याचाच चुकला. पुराव्याला चाळीस पानं. दर मिनिटाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत दोनच शब्द. यंत्र हजर. यंत्र हजर. खाली जुन्या जाणत्या माणसाची सही झाली की विषय मिटणार होता.

“यंत्राचे आकडे नोंदवणारा हा प्रोग्रॅम तुमच्याच काळातला,” विश्वजित म्हणाला. “तुमच्या शब्दाला वजन आहे.”

वर पूर असताना आकडा दोनच मीटर, म्हणजे यंत्र गप्प होतं; मग हजर म्हणत कोण होतं, हेच चाचांना कळेना. त्यांना आधी सगळं ऐकायचं होतं.

मग विश्वजितने सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज आपोआप चढत गेला. जुना संगणक चैत्रात मेला. त्याच्या पाठीमागे नऊ काड्यांची ती खोबण होती, सिरियल पोर्ट. प्रोग्रॅमला तेवढं एकच दार ठाऊक. नव्या लॅपटॉपला तसली खोबणच नाही. प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी कधीच बुडालेली. सगळे म्हणाले, फेका. विश्वजितने नाही फेकला. त्याने लॅपटॉपच्या आत नसलेली खोबण तयार केली, आभासी पोर्ट. पुलावरच्या यंत्राला सिमकार्डाची डबी बसवली, तिचे आकडे त्या खोट्या दारात आणून ओतले. प्रोग्रॅमला वाटलं, जुनीच तार आहे. बसला की तो फसून!

पुण्याहून मोठे साहेब आले होते तेव्हा. शाल, श्रीफळ, फोटो.

“तपासलंस कसं?” चाचांनी विचारलं.

“तुम्ही शिकवलं तसंच.”

चाचांचं शिकवणं सगळ्या खात्यात माहीत होतं. चाचीच्या केसांतली पिन ते खिशात घेऊन फिरायचे. खोबणीतल्या दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या काडीवर ती पिन आडवी टेकवायची. मग संगणक जे बोलेल, ते फिरून त्याच्याच कानात येतं. आलं, म्हणजे इथवर वाट धड आहे. एवढंच समजायचं, त्याच्या पुढचं काही नाही. आणि एक दंडक होता. पिन काढून खिशात घातल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. एकदा विश्वजितचाच भरला कप चाचांनी गटारात ओतला होता. तेव्हा तो पोरांसमोर हसला होता, आणि रात्रभर मनात शिव्या घातल्या होत्या.

“पिन कुठंय?”

विश्वजितला हसू आलं. म्हणाला, चाचा, दिवस बदलले. आता पिन नसते, पडद्यावर एक बरोबरची खूण करायची असते, आलेलं परत पाठव म्हणून. तपासून झालं की काढून टाकायची. थांबा, दाखवतो.

त्याने लॅपटॉप उघडला.

खूण तिथेच होती.

तो बघत राहिला. चैत्रापासून ती तिथे होती. पुलावरचं यंत्र बोलायचं तोवर त्याचे आकडे येत होते, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. यंत्र गप्प झालं, की प्रोग्रॅम विचारायचा, आहेस का? त्याचा तोच प्रश्न फिरून त्याच्याकडे यायचा. कुणीतरी बोललं, एवढं त्या बिचाऱ्याला पुरे. तो लिहायचा, यंत्र हजर. आणि आधीचा आकडा तसाच ठेवायचा.

विश्वजितने मागे जाऊन पाहिलं. त्या दिवशी यंत्राचा शेवटचा खरा आकडा सकाळी नऊचा होता. सोपानचा फोन साडेअकराचा.

चैत्रातली ती दुपार त्याला लख्ख आठवली. खूण काढायची, एवढ्यात शिपाई सांगत आला होता, साहेब आलेत, चहा मांडलाय. तो उठून गेला होता.

त्याने हळूच झाकण मिटलं. चाचांची नजर नदीवर होती. त्यांनी पडदा पाहिला नव्हता. आता ही गोष्ट साऱ्या दुनियेत एकट्या त्यालाच माहीत होती, आणि ती सहन होईना.

तरीही तो बोलला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

“चाचा... गेलेला माणूस काही परत येत नाही. कागदावर खोटं एक अक्षर नाही. यंत्र हजर असंच येत होतं. सही करा.”



चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. एकेक पायरी उतरून पाण्यापाशी गेले. नाव पलीकडे असली की या घाटावर हाळी घालायची रीत आहे. पोरंसोरं घालतात, माहेरवाशिणी घालतात. चाचांनी तोंडाभोवती तळवे धरले आणि घातली.

“सोपानाऽऽ... होऽऽ!”

नदी वाहत होती.

पलीकडून आलं, “...पानाऽऽ... होऽऽ...”

घाटावर धुणं धूत असलेल्या दोघी बायका उभ्या राहिल्या. त्यांतली एक पदर तोंडाला लावून तशीच निघून गेली.

चाचांनी पुन्हा हाळी घातली. पुन्हा आलं.

“चाचा, कडा आहे तो,” विश्वजित कसाबसा म्हणाला. “तुमचाच आवाज आहे.”

चाचा पायऱ्या चढून वर आले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी अहवाल उचलला, कोरी जागा शोधली, पेनाचं टोपण काढलं. विश्वजितला वाटलं, करताहेत सही.

त्यांनी पेन त्याच्या हातात दिलं आणि त्याची बोटं पेनावर मिटवली.

“उत्तर आलं ना?... मग लिही. सोपान हजर.”