परीक्षकाचे नाक

एकदा एका नामांकित व्हिस्की-परीक्षकाचे नाक साध्या तापात गेले, आणि ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नाही.

नाक गेले म्हणजे चेहऱ्यावर ते होते तसेच होते, सरळ आणि जरासे तोऱ्यातले. गेला होता तो वास. चार दिवस ताप आला आणि उतरला. पाचव्या दिवशी गॅसवरचे दूध करपून पातेल्याच्या बुडाशी काळे झाले, तरी ओट्याशेजारी पेपर वाचत बसलेल्या निरंजन सबनीसला पत्ता लागला नाही. त्याची पत्नी शर्वरी बाहेरच्या खोलीतून धावत आली.

"अरे निरंजन, घरभर वास सुटलाय!"

"सर्दी आहे गं," तो म्हणाला.

ती सर्दी पुढे पाच आठवडे राहिली.

निरंजनचे वय अडतीस. पुण्यामुंबईची मोठी हॉटेले त्याला बोलावत. पेला कसा धरावा, वास कसा घ्यावा, पहिला घोट जिभेवर किती वेळ ठेवावा, हे तो शिकवी. त्याची स्वतःची आवडती व्हिस्की स्कॉटलंडच्या एका बेटावरची होती, धुरकट वासाची. ती तो कळीसारख्या निमुळत्या पेल्यात घेई, दोन थेंब पाणी घालून. तिसरा थेंब नाही. बर्फ म्हणजे जिभेला भूल आणि सोडा म्हणजे सरळसरळ अपराध, असे त्याचे मत होते, आणि ते तो मनात ठेवत नसे. तो कोणाकडे जेवायला आला की यजमान सोड्याच्या बाटल्या फ्रिजच्या मागच्या कप्प्यात सारत.

अशा माणसाने "मला वास येत नाही" हे कोणत्या तोंडाने सांगावे? त्याने सांगितले नाही. शिकवण्या चालू ठेवल्या. पेला नाकाशी नेई, डोळे अर्धवट मिटी, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने शब्द आपोआप येत. मध, मनुका, भाजलेला बदाम. समोरची माणसे माना डोलवत. कोणाच्याही काही लक्षात आले नाही, याचे त्याला पहिल्या आठवड्यात हायसे वाटले. नंतर मात्र त्याच गोष्टीची भीती वाटू लागली.

त्यातच हेमांगी शितोळे यांचा फोन आला. या बाईंनी दिंडोरीच्या बाजूला लहानशी डिस्टिलरी उभी केली होती. सात वर्षांपूर्वी त्यांनी तीन ओकच्या पिंपांत आपली पहिली व्हिस्की भरून ठेवली होती, आणि सात वर्षे त्या थांबल्या होत्या.

"सर, आता पहिली बाटली काढायचीय," त्या म्हणाल्या. "तीनपैकी एकाच पिंपातली काढायची असं ठरवलंय. कोणतं ते तुम्ही सांगा. पहिली बाटली चुकली, तर आमची दुसरी कोणी उघडणार नाही."

नाही म्हणायला हवे होते. निरंजन "जरूर" म्हणाला. दोन दिवसांनी तीन चिमुकल्या बाटल्या घरी आल्या. त्याने त्या उघडून थोडी थोडी व्हिस्की पेल्यांत ओतली, हुंगली. तीन पेल्यांत जणू तीन प्रकारचा काचेचा वास होता, म्हणजे कसलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी बाटल्या पिशवीत घालून त्याने गाडी आंबोलीच्या दिशेने काढली.

आंबोलीला त्याचे गुरू राहत. त्र्यंबकराव आजगावकर. वय एक्याऐंशी. उभी हयात त्यांनी व्हिस्कीची मिश्रणे जुळवण्यात घालवली होती, आणि निरंजनला या विद्येची अक्षरे बारा वर्षांपूर्वी त्यांनीच गिरवायला लावली होती. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांचा स्वतःचा शिरस्ता साधा होता. सायंकाळी एक पेग, त्यात थोडे कोमट पाणी. तो पेला ते पाऊण तास पुरवत, आणि मग बाटली कपाटात जाई.

निरंजनचा बेत असा होता की नमुने तात्यांपुढे ठेवायचे, ते जे बोलतील ते लक्षात ठेवायचे आणि हेमांगीबाईंना आपले म्हणून कळवायचे. बेत शोभणारा नव्हता, हे त्याला कळत होते.

"सहज आलो, तात्या," पडवीतल्या बाकावर बसत तो म्हणाला.

"सहज येणारा माणूस पिशवी पोटाशी धरून बसत नाही. काय आणलंयस?"

तात्यांनी तिन्ही बाटल्या एकेक करून उघडल्या, हुंगल्या, बुचे लावली. चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

"तुझं काय मत?"

निरंजनची पंचाईत झाली. त्याने बाटल्या उजेडाला धरल्या. दुसरीचा रंग सर्वांत गडद होता.

"दुसरं पिंप," तो ठामपणे म्हणाला. "खजूर, जुना गूळ, खाली चामड्यासारखा खोल वास. शेवटी दालचिनी. पहिली बाटली यातूनच निघायला हवी. बरोबर ना?"

तात्या उठले. "जेवायला चल," एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तात्यांनी त्याला पडवीत बोलावले. टेबलावर निमुळता पेला होता, त्यात बोटभर तपकिरी द्रव.

"भेट आलीय. नाव सांगत नाही. प्यायची नाही, फक्त वास घे आणि बोल."

निरंजनने पेला फिरवला. काचेवरून ओघळणाऱ्या रेषा पाहिल्या. नाक आत घातले, डोळे मिटले. शब्द नेहमीसारखेच आले.

"शेरी वाइनच्या पिंपातली आहे. मनुका आहेत, संत्र्याची वाळलेली साल आहे. मागे कुठेतरी विझत आलेला धूर. पंधरा वर्षांची तरी असावी. तात्या, ही फार दुर्मिळ चीज आहे. हिला पाण्याचा थेंबही लावू नये."

"असं म्हणतोस?" तात्या म्हणाले. त्यांनी पेला उचलला, तोंडाला लावला, आणि एका दमात, घटाघटा, रिकामा केला. मग धोतराच्या सोग्याने मिश्या पुसल्या.

निरंजन ताडकन उभा राहिला. एक पेग पाऊण तास पुरवणारा हा माणूस! "तात्या! अहो, हे काय केलंत?"

"तहान लागली होती."

"पण पंधरा वर्षांची—"

"सकाळचा आहे," तात्या शांतपणे म्हणाले. "कोरा चहा. गूळ जरा जास्त पडला होता."

निरंजनचे कान तापले. काहीतरी सारवासारव करावी म्हणून त्याने तोंड उघडले, पण या वेळी एकही शब्द आपोआप आला नाही. तो मटकन बाकावर बसला. तात्यांचे खांदे हलताना त्याला दिसले. म्हातारा हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. निरंजन क्षणभर चिडला. मग "संत्र्याची वाळलेली साल" हे स्वतःचेच शब्द त्याला आठवले आणि त्यालाही हसू फुटले. हसता हसताच त्याने सगळे सांगून टाकले. ताप, करपलेले दूध, पाच आठवडे, हेमांगीबाई.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल आल्या आल्या. तू बसलास त्या बाकाखाली बरका फणस फोडून ठेवलाय. शिकायला होतास तेव्हा फणसाच्या वासानं तू ताट घेऊन अंगणात जाऊन बसायचास. काल त्याच्यावर बसून तू मला दालचिनी ऐकवलीस."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

तात्यांचे हसू ओसरले. "बोललो असतो तर तू सर्दी म्हणाला असतास. निरंजना, नाक जाणं हा आजार आहे. त्याची लाज कसली? औषध आहे, वेळ आहे, येईल परत. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुझं वर्णन फार सुरेख होतं. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. फक्त पेल्यात ते काही नव्हतं. हे असं बोलायला तू तापानंतर शिकलास, की आधीपासूनच येत होतं? आठवून बघ."

निरंजनने आठवून पाहिले. गेल्या दोन-तीन वर्षांत कितीदा तरी बाटलीवरचे नाव वाचताच मनात वर्णन तयार झाले होते. घोट नंतर घेतला होता, शिरस्ता म्हणून. एखाद्या पेल्याने आपल्याला चकित केले, असे शेवटचे कधी घडले ते त्याला सांगता येईना.

"लोक विचारतात, व्हिस्की कशी प्यावी," तात्या पुढे म्हणाले. "मग आपण पाणी, बर्फ, पेला यांचं पुराण लावतो. ते खोटं नाही, पण ते नंतरचं. आधी पेल्यापुढं माणसानं अज्ञानी होऊन बसावं. यात काय आहे ते मला ठाऊक नाही, एवढं मनात म्हणावं आणि मग नाक पुढं करावं. ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्या तोंडात व्हिस्की जात नाही रे, त्याचे शब्दच परत त्याच्या तोंडात जातात. तुझं नाक गेलं ते बरंच झालं म्हण. आता तुला विचारावं लागेल."

"कोणाला विचारू?"

तेवढ्यात फाटक वाजले. शनिवार होता, आणि शनिवारी सावळाराम गावडे येत. गावडे वनखात्यात वनरक्षक होते. तेहतीस वर्षे जंगल तुडवून आता निवृत्त झाले होते. त्यांचा शिरस्ता निरंजनला बारा वर्षांपासून माहीत होता. स्टीलचा उभा पेला, साधी देशी व्हिस्की, वर पेल्याच्या काठापर्यंत सोडा, आणि सोबत भाजलेला पापड. याच माणसाला त्याने एकदा ऐन तारुण्यात सोड्यावरून अर्धा तास व्याख्यान दिले होते. गावड्यांनी ते पापड खात ऐकून घेतले होते.

"ये रे," तात्या म्हणाले. "या तीन बाटल्या जरा हुंगून बघ."

गावडे संकोचले. "माका काय कळता, तात्यानू? हे साहेब असताना?"

निरंजन उठला आणि त्याने बाकावरची स्वतःची जागा त्यांना दिली. "काका, मला खरंच कळत नाही आत्ता. वासच येत नाही. तुम्ही सांगाल तर उपकार होतील."

हे वाक्य पाच आठवड्यांत त्याने तात्यांखेरीज कोणापुढे बोलून दाखवले नव्हते. बाहेर पडले तेव्हा काहीही कोसळले नाही. गावड्यांनी फक्त "अरेरे" म्हटले आणि पहिली बाटली उचलली.

पहिलीवर ते बराच वेळ थांबले. "चांगली आहे. जरा तिखट." दुसरी नाकाशी नेली आणि झटकन मागे घेतली. पुन्हा नेली. "ह्यात कायतरी कुसलंय साहेब."

"म्हणजे?"

"लाकूड. जंगलात ओंडका पडलेला असतो बघा, वरनं धडधाकट. लाथ मारली की आत नुसता ओला भुसा. तो वास. गोडाखाली दडून बसलाय, पण आहे."

निरंजनने तात्यांकडे पाहिले. तात्यांनी सावकाश मान हलवली. "एखादी फळी आतून गेलीय. मला काल पहिल्याच हुंगण्यात लागलं. आणि नेमकं तेच पिंप तू निवडलंस."

कालच फोन केला असता तर? एका बाईची सात वर्षे त्याने रंगाकडे बघून बुडवली असती, आणि तेही दालचिनीच्या थाटात.

तिसरी बाटली हुंगून गावडे हसले. "ही बरी. ही काय लपवत नाय."

निरंजनने तिथूनच, पडवीच्या पायरीवर उभे राहून हेमांगीबाईंना फोन लावला. आडपडदा ठेवला नाही. "मॅडम, तापात माझा वास गेलाय. हे आधीच सांगायला हवं होतं, माझं चुकलं. मी तुमचं परीक्षण करू शकत नाही. पण दुसऱ्या पिंपाच्या फळ्या आजच तपासून घ्या. माझ्यापेक्षा जाणत्या दोघांना त्यात कुजल्याचा वास आलाय."

"थांबा, फोन चालू ठेवा," त्या म्हणाल्या. पावले ऐकू आली, दार करकरले, कोणालातरी हाक मारली गेली. दहा मिनिटांनी त्या परत बोलल्या तेव्हा आवाज बदलला होता. "खालच्या बाजूला भिंतीकडची फळी काळी पडलीय. बोट आत जातंय. सर, मला तर हेच पिंप तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. रंग इतका सुंदर."

"मलाही तसंच वाटलं होतं," निरंजन म्हणाला.

"मग आता निवडणार कोण?"

"तुम्ही. सात वर्षं त्या पिंपांपाशी तुम्ही होतात. तुम्हाला कोणतं आवडतं?"

"तिसरं," त्या लगेच म्हणाल्या, आणि मग ओशाळल्यासारख्या हसल्या. "पहिल्यापासून तिसरंच. पण ते साधं वाटतं ना, म्हणून म्हणायचा धीर होत नव्हता."

"इथले काका म्हणतात, ते काही लपवत नाही."

"हे बाटलीवर छापू का?" हेमांगीबाईंनी विचारले, आणि दोघेही हसले.

तिसऱ्या पिंपातली व्हिस्की डिसेंबरात बाजारात आली. तोवर डॉक्टरांच्या औषधांनी आणि रोज सकाळी लवंग, निलगिरी हुंगण्याच्या अभ्यासाने निरंजनचे नाक निम्मेशिम्मे परत आले होते. दिंडोरीच्या मोकळ्या आवारात, उन्हे कलताना, शंभरेक माणसे पेले घेऊन उभी होती. हेमांगीबाईंनी त्याला आग्रहाने बोलावले होते. एक मध्यमवयीन गृहस्थ, द्राक्षबागायतदार असावेत, पेला घेऊन त्याच्याजवळ आले.

"सर, तुम्ही तज्ज्ञ. ही कशी प्यायची असते?"

"तुम्हाला एरवी कशी आवडते?"

गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "गार पाणी. चांगलं भरपूर. चूक आहे ना ते?"

निरंजनने जवळच्या टेबलावरचा गार पाण्याचा जग आणला आणि त्यांना पुरे वाटेपर्यंत स्वतः पाणी ओतले. "आता घ्या, आणि काय लागतं ते मला सांगा. मला अजून अर्धंच कळतं."

गृहस्थांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी समोरच्याचा चेहरा पाहिला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. निरंजनपाशी एक शब्द तयार होता. तो त्याने गिळला आणि वाट पाहत उभा राहिला.