सगुणाईचा विसावा

फार मागची गोष्ट. उंबरखडीला तेव्हा गाडीवाटही नव्हती, नदीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या टेकडीवरची गढी अजून पडलेली नव्हती. गढीत सरदार राहायचे. त्यांची एक लढाई संपली की दुसरी सुरू व्हायची. गढीवरून डफ वाजला की गावानं समजून घ्यायचं, आता हुकूम येणार, घरटी एक माणूस द्या.

गावात सगुणा नावाची माळीण होती. नवरा लवकर गेला होता. थोरला रायाजी आणि धाकटा म्हादू, असे दोन मुलगे. नदीच्या अंगाला त्यांचा लहानसा मळा होता. वांगी, मिरच्या, कांदे व्हायचे, ते पाटीत भरून ती बाजाराला न्यायची. बोलायला ती मऊ होती, पण डोईवर ओझं घेऊन चालायला लागली की गडीमाणसं मागं पडायची, असं म्हणतात.

पहिल्या हुकमाला रायाजी गेला. जाताना त्यानं विचारलं, “आये, जाऊ ना?” ती म्हणाली, “जा, बाबा.” तो परत आला नाही. त्याचं मुंडासं तेवढं एका सोबत्यानं आणून दिलं. लढाईत पडलेल्या माणसासाठी गाव दगड उभा करायचं. त्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस कोरायचा, त्याला वीरगळ म्हणायचं. नदीकाठी मसणवटीच्या वरच्या अंगाला अशा वीरगळांची रांग होती. तिथं रायाजीचा दगड उभा राहिला. दर अमावास्येला सगुणा त्याला तेल घालून यायची.

मुंडासं घेऊन आलेल्या सोबत्यानं म्हादूला बसवून सगळं सांगितलं होतं. ज्यांच्याशी लढायला नेलं, ते गाव याच गावासारखं होतं. गंज्या पेटवल्या, घरं मोडली. एका मळ्यात मोट चालू होती. बैल जुंपलेले तसेच ठेवून मोटकरी पळाला, आणि बैल बिचारे आपले आपण मागंपुढं करत राहिले. हे ऐकून म्हादू त्या दिवशी जेवला नाही.

पुढच्या सालात पुन्हा डफ वाजला. म्हादू आणि त्याचे दोन सोबती चावडीपुढं जाऊन बसले. आम्ही जात नाही, म्हणाले.

गावचे पाटील सुभानजी. हुकूम गढीचा, पण माणसं मोजून द्यायची जबाबदारी त्यांची. ते हसले. “भ्यालास व्हय रं, म्हाद्या?”

“भ्यालो तर हायेच, पाटील,” म्हादू म्हणाला. “पर त्यापायी न्हाई. तिकडंबी कुणाची तरी मोट चालली असंल. ती बंद पाडाया मी जाणार न्हाई.”

“सरदारांपुढं ही मोट सांग हां!” मागून कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

गढीवरचे शिपाई आले तेव्हा हसणं थांबलं. हुकूम मोडणाऱ्याला त्या काळी उन्हात ओणवं उभं करायचे आणि पाठीवर दगड द्यायचे. तिघांना तसं उभं केलं. दुपार चढली तशी दोघांनी होकाराची मान हलवली. त्यांच्या पाठीवरचे दगड काढले आणि त्यांना घेऊन गेले. म्हादू राहिला. सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली, शिपायांनी तिला लांबच अडवलं.

“म्हादू, हो म्हण रं,” ती रडत म्हणाली. “एकदा हो म्हण, बाबा.”

म्हादूला मान वर करता येत नव्हती. खालीच बघत तो म्हणाला, “आये, थोरल्याला जा म्हनालीस, त्यो गेला. मला ऱ्हा म्हन.”

सगुणेनं तांब्या खाली ठेवला. तिनं पोराच्या पाठीवरच्या दगडाकडं पाहिलं. मग म्हणाली, “ऱ्हा.”

दिवस मावळायच्या आत म्हादू गेला. पण तो खाली पडला नाही. दगड उतरवला तेव्हा कळलं की अंगात जीवच नाही, असं म्हणतात.

हुकमात माणूस कमी पडला. माळ्याच्या घरचा आकडा भरायला कुणी तयार होईना, तेव्हा पाटलांनी आपल्या घरातून दुसरा माणूस दिला. त्यांचा धाकटा मुलगा, हैबती. त्याला अजून मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. तोही परत आला नाही. त्याचा वीरगळ रायाजीच्या शेजारी उभा राहिला.

त्यानंतरच्या अमावास्येला सगुणा चावडीवर गेली. म्हादूच्या पाठीवरचा दगड तिथंच पडून होता. तो तिनं चुंबळीवर घेतला, नदीकाठी नेला आणि रायाजीच्या दुसऱ्या बाजूला उभा केला. त्यावर कोरलेलं काही नव्हतं. तिनं त्यालाही तेल घातलं.

गाव पेटलं. काहीजण म्हणाले, पोरानं कुणाचं वाईट केलं नाही, राहू दे. ज्यांच्या घरची माणसं परतली नव्हती ते म्हणाले, मग आमची काय वेडी होती म्हणून गेली? पाणवठ्यावर बायकांनी सगुणेशी बोलणं टाकलं. भावाभावांत वाटण्या झाल्या. पाटील मात्र एकच बोलले, “तिच्या पोराच्या जागी माझा गेला. आता त्याच्याच रांगेत तो धोंडा मी बघू?”

त्यांनी माणसं लावून तो दगड ओढ्यात टाकला. चार गड्यांना पहारी लावाव्या लागल्या. सगुणेनं एकटीनं तो परत डोईवर आणला, असं म्हणतात. पुन्हा टाकला, पुन्हा तिनं आणला. मग ती म्हणाली, बरं, वीरगळांत नको, मारुतीच्या पाराखाली ठेवते. तिथूनही काढला. आपल्या मळ्याच्या बांधावर ठेवला, तर भाऊबंद म्हणाले, “वहिनी, आमच्या पोरींची लग्नं मोडतील.” असं किती वर्षं चाललं ते कुणाला नीट सांगता येत नाही. तिचे केस पांढरे झाले, टाळूवर चुंबळीच्या जागी ते गेलेच. भांडणारेही थकले होते. पण थांबायचं कुणी हे ठरत नव्हतं.

शेवटी एका चैत्रात तिनं ठरवलं की दगड नदीच्या डोहात सोडून यायचा. पोराला कुठं जागाच नाही, तर नाही. तिनं तो डोईवर घेतला आणि नदीची वाट धरली. गाव आणि नदी यांच्या बरोबर मध्ये तिचे पाय थांबले. मान आखडली. पुढं जाववेना, आणि आता या वयात डोईवरचं ओझं एकटीला उतरवताही येईना. हात लावायला दुसरं माणूस लागतं. भर दुपारी वाटेवर कुणी नव्हतं.

तेवढ्यात समोरून सुभानजी पाटील आले. पोराच्या वीरगळाला तेल घालून. त्यांचंही वय झालं होतं, हातात काठी होती.

सगुणेनं ओळखलं. तरी म्हणाली, “पाटील, एवढं उतरवू लागा.”

डोईवर ओझं असलेल्या बाईनं असं म्हटलं की त्या मुलखात कुणी विचार करत नाही. पाटलांनी काठी टाकली आणि दोन्ही हात वर लावले. हात लागल्यावर त्यांना कळलं की हे काय आहे. आजवर त्यांनी माणसं लावून तो दगड टाकायला लावला होता, स्वतः कधी शिवला नव्हता. दगडानं खाली येता येता त्यांनाही ओढलं. दोघंही त्याच्याबरोबर खाली बसली.

“इतका जड?” पाटील म्हणाले.

“उन्हात लई जड होतो,” सगुणा म्हणाली.

पाटलांनी धापा टाकत उपरण्यानं घाम पुसला. मग म्हणाले, “माझा हैबती जाताना रडला होता गं. मी त्याला जा म्हणालो.”

“मीबी थोरल्याला जाच म्हनाले हुते,” ती म्हणाली.

उठताना पाटलांनी दगडावर हात टेकवला. “माझं मन अजून मानत न्हाई, सगुणा. वीरगळांत नको. गावातबी नको. हितंच ऱ्हाऊ दे.”

“ऱ्हाऊ दे,” सगुणा म्हणाली. “मीबी दमले.”

त्यानंतर तो दगड कुणाला हलवता आला नाही. नांगराचे बैल जुंपून पाहिले, तरी हलला नाही, असं म्हणतात.

पुढं पाटील वारले. तिरडी नदीकडं निघाली. निम्म्या वाटेवर, त्या दगडापाशी ती एवढी जड झाली की खांदेकऱ्यांचे पाय मातीत रुतले. माणसं बदलली, तरी तिरडी पुढं सरकेना. काहीजण घाबरले, काहीजण म्हणाले, माळणीनं काही करणी केली. सगुणा मळ्यातून उठून वाटेवर आली. तिला आता नीट दिसतही नव्हतं.

“दमलं असंल माणूस,” ती म्हणाली. “टेकवा की जरा.”

त्यांनी तिरडी दगडावर टेकवली. सगुणेनं तिला हात लावला आणि म्हणाली, “आता उचला.” उचलली तर ती गवताच्या पेंढीसारखी हलकी झाली होती.

त्याला आता किती पिढ्या झाल्या. गढी पडली, गाडीवाट झाली, मग डांबरी सडक झाली. दगडाला सगुणाईचा विसावा म्हणतात. भांडण मात्र मिटलेलं नाही. दर काही वर्षांनी कुणीतरी ग्रामसभेत विषय काढतं, तिथं म्हादूच्या नावाची पाटी लावा, कठडा बांधा. मग पलटणीत नोकरी केलेले उठतात, हुकूम मोडणाऱ्याची कसली पाटी, म्हणतात. दोन्हीकडची माणसं आवाज चढवतात, चहा होतो, विषय पुढच्या सभेवर जातो. दगडावर अजून एक अक्षर नाही.

पण उंबरखडीत कुणीही गेलं, पलटणीतला असो की घरी राहिलेला, तिरडी तिथं टेकवतातच. आणि तिथून पुढचा पहिला खांदा घरच्यांनी द्यायचा नसतो. गेलेल्या माणसाशी ज्याचं बोलणं बंद होतं, त्याला हाक मारायची असते. लोक मागं वळून गर्दीत त्याला शोधतात. “ये रं, खांदा दे,” म्हणतात. तो चपला काढून कडेला ठेवतो, आणि येतो.