आक्काच्या खोलीतले नगारे

पूर्वीच्या काळी, बाळांनो आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, डोंगरांमधल्या एका लहान राज्यात एक राजा होता. तो रांगत होता तेव्हाच त्याचे आईवडील गेले. थोरल्या बहिणीने त्याला वाढवले. त्याच्यापायी तिने लग्नही केले नाही. राजा तिला आक्का म्हणे.

आक्काला सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ फार आवडे. देवीच्या जत्रेत धाकट्या भावाला मांडीवर घेऊन ती अगदी पुढे बसायची. पुढे भाऊ राजा झाला, आणि आक्काचे पाय अधू झाले. तिचे अंथरूण सुटेना. जत्रेच्या दिवशी ती खिडकीकडे तोंड करून पडून राही.

राजाला ते बघवेना. खेळ करणाऱ्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या बायकोला त्याने राजवाड्यात बोलावून घेतले. आक्काच्या पलंगासमोर धोतराएवढा पांढरा पडदा बांधला, मागे दिवा लावला. म्हातारा चामड्याच्या बाहुल्या नाचवी, म्हातारी तुणतुण्यावर गाई. हरीण बोलू लागले की तिचा आवाज कानात कुजबुजल्यासारखा होई.

"बघ रे, आता वाघ येणार," आक्का भावाचा हात धरून म्हणे. "इथंच तू डोळे गच्च मिटायचास."

राजा हसे. रोज दिवेलागणीला तो तिच्या उशाशी बसू लागला.

एकदा शेजारचा राजा पाहुणा आला. खेळ पाहून तो म्हणाला, "पडदा ठीक आहे. पण आवाज हा असा? भिक्षेकऱ्याच्या झोळीतला वाटतो. राजाच्या बहिणीला एवढंच?"

ते बोलणे राजाच्या जिव्हारी लागले. त्याने देशोदेशीचे वाजंत्री बोलावले आणि दरबारात बसून एकेक वाद्य ऐकले. सनई त्याला बारीक वाटली, मृदंग मवाळ वाटला. शेवटी त्याने मोठाले नगारे, कर्णे आणि झांजा निवडल्या. एवढ्या थोरल्या दरबारात त्यांचा घुमारा खरोखरच शोभला.

म्हातारा हात जोडून म्हणाला, "महाराज, खोली लहान आहे, आमचं हरीण वीतभर आहे. एकदा तिथं वाजवून बघावं. आक्कासाहेबांनाही विचारावं."

"विचारायचं काय त्यात? माझ्या आक्काला सगळ्यांत मोठं तेच मिळालं पाहिजे."

नगारे खोलीत आले. वाजंत्र्यांना जागा पुरेना, म्हणून राजाची बैठक बाहेर ओसरीवर गेली. टिपरी पडली की भिंती थरथरत. म्हातारी ओरडून ओरडून गाऊ लागली आणि तिचा गळा कायमचा बसला. पण नगाऱ्यांपुढे तिचे गाणे ऐकू येतच नव्हते, त्यामुळे ते थांबल्याचेही कुणाला कळले नाही. ती दोघे मुकाट्याने निघून गेली. बाहुल्या दुसरेच कुणी हलवू लागले.

"आक्का, कसं काय?" राजा ओसरीवरून विचारी. त्याचा फुललेला चेहरा पाहून आक्का मान डोलवी. मग ती डोळे मिटून घेई. राजाला वाटे, आक्का अगदी रंगून गेली.

एका दुपारी तो तिच्या खोलीत आला. त्याने हाक मारली, तरी आक्का वळली नाही. जवळ जाऊन पाहतो, तर तिच्या कानांत कापसाचे बोळे.

"हे काय, आक्का?"

तिने बोळे काढले. "डोकं दिवसभर ठणकत राहतं रे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं आणलंस. तुझ्याकडे बघितलं की बोलायला जीभच रेटायची नाही." तिने बोळे उशाशी ठेवले. "मला ते हरीण काय म्हणतं, एवढंच ऐकायचं असायचं. आणि तू जवळ बसायचास, ते बरं वाटायचं."

राजाला रडू कोसळले. त्याने नगारे तिथल्या तिथे बाहेर काढायला लावले आणि घोडा मागवला. "मी त्या दोघांना घेऊनच येतो!"

"आता नको जाऊस," आक्का म्हणाली. "बस जरा."

"हा गेलो नि हा आलो, आक्का!"

आणि तो गेला.

कितीतरी दिवस शोधल्यावर ती दोघे त्याला पार सीमेवरच्या एका खेड्यात सापडली. राजाने त्यांचे पाय धरले. म्हातारीच्या तोंडून शब्द फुटेना, तरी ती निघाली. राजवाड्याच्या दारात आक्काची दासी उभी होती. तिचे डोळे पाहूनच राजा घोड्यावरून खाली उतरला.

"शेवटी काही म्हणाली का?"

"तुम्ही आलात का, एवढंच विचारत होत्या, महाराज. सारख्या दाराकडे बघत होत्या."

राजा रिकाम्या पलंगापाशी जमिनीवर बसला. म्हातारी त्याच्या शेजारी टेकली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला काहीतरी बोलायचे होते, पण ओठ नुसतेच हलले.

म्हणून सांगतो, आपल्या माणसाला काही द्यायचे झाले तर आपली हौस बाजूला ठेवून आधी त्याला विचारावे, आणि तो सांगेल ते ऐकावे.